चित्रातली लाल पृथ्वी, हातातला हिरवा दगड

या खेपेला पत्रांच्या गठ्ठ्यात एक पुठ्ठ्याचं खोकंही होतं. आत कापसात गुंडाळलेला एक खडा आणि चार ओळींची चिठ्ठी. भूविज्ञान शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली, निवृत्त होऊनही बराच काळ लोटला, पण असं खोकं उघडताना हात अजून घाई करतात. म्हणून सुरुवात त्या खड्यापासूनच करते.

प्रश्न : बाई, सोबत पाठवलेला खडा मला एका ओढ्याच्या पात्रात सापडला. काचेवर ओढला की काचेवर चरा पडतो, खड्याला काही होत नाही. काचेवर चरा पाडतो तो हिरा, असं लहानपणापासून ऐकत आलो आहे. हा हिरा असेल का?

हिरा नाही. तुम्ही वाट पाहत असाल, म्हणून हे आधीच सांगते. ही गारगोटी आहे, म्हणजे क्वार्ट्झ.

काचेची परीक्षा तुम्ही नीट केलीत, पण काच मुळात फारशी कठीण नसते. फ्रीडरिश मोस यांनी १८१२ च्या सुमाराला खनिजांच्या कठिनतेची एक श्रेणी लावली. शंखजिरं सर्वांत मऊ, त्याला १. हिरा सर्वांत कठीण, त्याला १०. आपलं नख अडीचच्या आसपास येतं आणि खिडकीची काच साडेपाचच्या. म्हणजे साडेपाचाच्या वरचं कुठलंही खनिज काचेवर चरा पाडणार. फेल्डस्पार ६, गारगोटी ७, पुष्कराज ८, कुरुविंद (माणिक आणि नीलम याच खनिजाचे) ९, सगळेच पाडतात. शिवाय हे आकडे फक्त क्रम सांगतात. ९ आणि १० यांत आकड्याचा फरक एकाचाच, पण हिरा कुरुविंदापेक्षा कितीतरी पट कठीण असतो.

मग गारगोटी कशावरून? तुमच्या खड्याची एक बाजू झिजलेली आहे, दुसऱ्या बाजूला मात्र तीन सपाट पैलू शाबूत आहेत. लगतच्या दोन पैलूंमधला कोन १२० अंश भरला, म्हणजे हा सहा बाजूंचा स्फटिक होता. पैलूंवर बोटाचं नख फिरवून पाहा, आडव्या बारीक रेषा लागतील. त्या गारगोटीच्या ओळखीच्या खुणा. तरी खात्री करायची म्हणून मी वजन केलं. हवेत २१.२ ग्रॅम भरलं. मग दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवून केलं, ते १३.२ ग्रॅम. पाण्यात ८ ग्रॅम घटले. २१.२ ला ८ ने भागलं की २.६५ येतात आणि गारगोटीची घनता नेमकी तेवढीच असते. हिऱ्याची साडेतीन भरली असती. ही परीक्षा घरी कोणालाही करता येते, तीही खड्यावर ओरखडा न काढता.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. खड्याच्या मधोमध धुरकट पडद्यासारखं काही दिसतं, ते तुम्हाला डाग वाटलं असेल. सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर त्या पडद्याचे हजारो बारीक पोकळ कप्पे झाले. बहुतेकांत द्रव भरलेला आणि प्रत्येक द्रवात एकेक बुडबुडा. एका कप्प्यातला बुडबुडा तर सारखा थरथरत होता, या कडेहून त्या कडेला जात होता. हा स्फटिक खडकाच्या भेगेत वाढत असताना, भेगेतून वाहणाऱ्या गरम पाण्याचे थेंब त्याच्यात अडकून राहिले. पाणी निवलं, आकसलं आणि जी जागा रिकामी झाली तिथे बुडबुडा आला. असा स्फटिक प्रयोगशाळेत हळूहळू तापवत नेला की एका तापमानाला बुडबुडा नाहीसा होतो. स्फटिक वाढताना पाणी निदान तेवढं तरी गरम होतं, हे त्यावरून कळतं. हिरा नसला म्हणून हा खडा टाकून देऊ नका. त्याच्या जन्माच्या वेळचं पाणी त्याच्या पोटात अजून आहे. परतीच्या टपालानं पाठवते आहे.

प्रश्न : मी शाळेत भूगोल शिकवते. आमच्याकडच्या आकृतीत भूकवचाखाली सगळं लालभडक दाखवलं आहे. मुलांना मी सांगत आले की आत वितळलेला लाव्हा आहे आणि त्यावर भूपट्ट नावांसारखे तरंगतात. एका मुलीनं विचारलं, "मग सगळीकडूनच लाव्हा वर का येत नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. तिनं नेमक्या चुकीवर बोट ठेवलं आहे आणि ही चूक तुमची एकटीची नाही, फार ठिकाणी शिकवली जाते. भूकवचाखालचं प्रावरण वितळलेलं नाही. ते घन आहे, दगड आहे. सुमारे २९०० किलोमीटर खोलीपर्यंत दगडच आहे.

हे कळलं भूकंपाच्या लहरींमुळे. भूकंप झाला की दोन प्रकारच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून जातात. प्राथमिक लहरी दाबत-ढकलत जातात, त्यांना घन-द्रव दोन्ही चालतं. दुय्यम लहरी आडव्या हलवत जातात आणि द्रवातून त्यांना जाताच येत नाही. या दुय्यम लहरी प्रावरणातून आरपार जातात, अडतात त्या थेट त्याच्या तळाशी, बाह्य गाभ्यापाशी. तो मात्र खरोखर द्रव आहे, वितळलेलं लोखंड आणि निकेल. त्याच्याही आत पुन्हा घन गाभा आहे, हे इंगे लेमान या डॅनिश बाईंनी १९३६ मध्ये भूकंपाच्या नोंदी बारकाईनं वाचून दाखवून दिलं.

मग घन दगडावरून भूपट्ट सरकतात कसे? इथे हिमनदी आठवा. बर्फ घन असतो, हातोडा मारला तर फुटतो, तरीही हिमनदी दरीतून वाहत खाली उतरते. एका घावात फुटणारी वस्तू शेकडो वर्षांत वाहू शकते. प्रावरणाचा दगडही तसाच. सुमारे १३०० अंश सेल्सिअस तापलेला आणि प्रचंड दाबाखाली असल्यानं तो न वितळता, कण न कण हळूहळू आकार बदलत सरकतो. दाब जास्त म्हणून वितळणबिंदूही वर गेलेला, त्यामुळे एवढ्या उष्णतेतही तो घनच राहतो. भूकवच आणि त्याच्या खालचा प्रावरणाचा ताठ थर मिळून शिलावरण होतं, साधारण १०० किलोमीटर जाडीचं. त्याचेच तुकडे म्हणजे भूपट्ट. त्याच्या खालचा थर जरा मऊ, त्याला आपण दुर्बलावरण म्हणतो. त्यातही काही ठिकाणी वितळलेला अंश असलाच तर अगदी थोडा असतो.

शिकवायला लागल्यावर पहिली काही वर्षं मीही फळ्यावर लाल खडूनंच प्रावरण रंगवत होते. मग एका सहकाऱ्यानं मला मुठीएवढा बेसाल्टचा, म्हणजे निवलेल्या लाव्हाचा, दगड आणून दिला. फोडल्यावर काळ्या बेसाल्टच्या मध्यात एक हिरवा गोळा निघाला, अक्रोडाएवढा. साखरेसारखे दाणेदार, पारदर्शक, पोपटी कण आणि त्यांत मधूनच काळपट हिरवे ठिपके. तो प्रावरणाचा तुकडा होता. कित्येक किलोमीटर खोलीवरून शिलारस, म्हणजे वितळलेला दगड, वर चढताना वाटेतल्या भिंतीचा लचका तोडून आणतो. तो शिलारस इतक्या वेगानं आलेला असतो की हा जड तुकडा बुडायला त्याला वेळच मिळत नाही. या दगडाचं नाव पेरिडोटाइट आणि पोपटी खनिज म्हणजे ऑलिव्हिन. रत्न म्हणून कापलं की त्यालाच पेरिडॉट म्हणतात. खाली तापलेलं असताना ते झळाळत असणार हे खरं. पण थंड करून हातात घेतलं तर पृथ्वीच्या वरच्या प्रावरणाचा बहुतांश भाग हिरवा आहे. त्या दिवसापासून माझ्या फळ्यावरचा लाल खडू हिरवा झाला.

त्याच गोळ्याची मी पुढे पातळ चकती करवून घेतली, ०.०३ मिलिमीटर जाडीची. एवढ्या जाडीला बहुतेक दगड काचेसारखे पारदर्शक होतात. ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात ऑलिव्हिनचे कण गुलाबी, निळे, पिवळे असे उजळून निघतात. निरोगी स्फटिक असेल तर चकती फिरवताना एका क्षणी तो सगळाच्या सगळा एकदम काळा पडतो. या कणांत मात्र अंधार एका कडेनं शिरायचा आणि पट्ट्यापट्ट्यानं दुसऱ्या कडेला सरकायचा. याचा अर्थ स्फटिक आतून वाकलेला होता. न वितळता, न तुटता, घन अवस्थेतच त्याला ओढलं-मुरडलं गेलं होतं. प्रावरण वाहतं, हे मी पुस्तकात शंभरदा वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते त्या संध्याकाळी.

आता तुमच्या विद्यार्थिनीचं उत्तर. दगड वितळायला खास कारण लागतं आणि ते थोड्याच ठिकाणी मिळतं. महासागरांच्या मध्यभागी भूपट्ट दूर होतात, तिथे खालचा गरम दगड वर सरकतो, त्यावरचा दाब उतरतो आणि उष्णता न वाढताही तो थोडासा वितळतो. जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो, तिथे तो आपल्याबरोबर खनिजांत बांधलेलं पाणी घेऊन जातो. हे पाणी वरच्या प्रावरणात मिसळलं की दगडाचा वितळणबिंदू खाली येतो. जपान, इंडोनेशिया, अँडीजचे ज्वालामुखी असे तयार झाले. तिसरी जागा हवाईसारखी, जिथे खोलातून जास्त तापलेला दगड वर येतो. या जागा सोडल्या तर भूपट्टांखाली वर यायला लाव्हाच नाही.

आणि नावेची उपमाही कृपया सोडून द्या. नाव पाण्याबरोबर वाहत जाते. भूपट्ट मात्र बऱ्याच अंशी स्वतःच्या वजनानं ओढले जातात. महासागरी पट्ट जुना होतो तसा थंड आणि जड होत जातो, शेवटी खोल गर्तेत बुडू लागतो आणि बुडणारं टोक मागच्या सगळ्या पट्टाला खेचतं. ज्यांची अशी लांबलचक टोकं बुडत आहेत, तो पॅसिफिक पट्ट वेगानं जातो. आफ्रिकेच्या पट्टाला अशी खेच फारशी नाही, तो संथ आहे.

प्रश्न : खडक आणि खनिज यांत फरक काय? (इयत्ता आठवी)

तुला ग्रॅनाइटचा तुकडा मिळाला तर भिंग घेऊन बघ. काचेसारखे करडे कण दिसतील, ती गारगोटी. पांढरे किंवा गुलाबी, सपाट चकाकणारे कण म्हणजे फेल्डस्पार. काळ्या चकचकीत पापुद्र्यांना सुईनं उचकटलंस तर पानं सुटतील, तो अभ्रक. ही तीन खनिजं. प्रत्येकाची रासायनिक घडण ठरलेली असते आणि आत अणू ठरावीक रचनेत बसलेले असतात. ती एकमेकांत गुंतून जो दगड झाला तो खडक, म्हणजे ग्रॅनाइट. क्वचित एकाच खनिजाचाही खडक होतो. शुद्ध संगमरवर जवळपास सगळा कॅल्साइटचा असतो. पापुद्रे काढताना डोळ्यांना जप.

प्रश्न : खंडं सरकतात हे वेगेनर यांनी १९१२ मध्येच सांगितलं होतं. मग लोकांनी ते मानायला पन्नास वर्षं का लावली? जुन्या शास्त्रज्ञांचा हट्ट, दुसरं काय?

निव्वळ हट्ट म्हणाल तर अन्याय होईल. आल्फ्रेड वेगेनर हवामानशास्त्रज्ञ होते. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे जुळतात, दोन्हीकडे मेसोसॉरस नावाच्या एकाच सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म सापडतात, दक्षिणेकडच्या सगळ्या खंडांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीची पानं दगडांत उमटलेली आहेत, हा पुरावा त्यांनी भक्कम मांडला. पण खंडं कशानं सरकतात, याचं त्यांनी दिलेलं कारण फारच तोकडं होतं आणि खंडं महासागराच्या तळातून नांगरासारखी वाट काढतात ही कल्पना खरोखरच चुकीची होती. त्यावर टीका होणं रास्त होतं. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत त्यांचा मृत्यू झाला. पुढची गोष्ट त्यांना पाहायला मिळाली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

अडचण अशी होती की निम्म्याहून जास्त पुरावा पाण्याखाली होता आणि समुद्राचा तळ कोणी पाहिलेलाच नव्हता. तो आधी पाहिला मेरी थार्प यांनी, तोही कागदावर. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या न्यूयॉर्कमध्ये टेबलाशी बसून, जहाजांनी ध्वनिलहरींनी मोजून आणलेल्या खोलीच्या आकड्यांवरून अटलांटिकच्या तळाचे उभे छेद काढत होत्या. त्यांना स्वतःला जहाजावर जाता येत नव्हतं, कारण बायकांना नेत नसत. सहा छेद एकाखाली एक मांडल्यावर त्यांना दिसलं की मधल्या पर्वतरांगेच्या ऐन माथ्यावर प्रत्येक छेदात एक खोल खाच आहे. डोंगराच्या माथ्यावर दरी, म्हणजे तिथे जमीन फाटते आहे. त्यांचे सहकारी ब्रूस हीझन यांनी ते आधी उडवून लावलं, कारण त्याचा अर्थ खंडं सरकतात असा झाला असता. नंतर भूकंपांची केंद्रं त्याच मापाच्या नकाशावर मांडली गेली आणि ती बरोबर त्या खाचेत रांगेनं जाऊन बसली. मग वाद उरला नाही. हा प्रसंग मी दर वर्षी वर्गात सांगायची आणि सांगताना छेदही काढून दाखवायची.

१९६२ मध्ये हॅरी हेस यांनी मांडलं की या भेगेपाशी नवा तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक वाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी त्याची खूण दाखवली. बेसाल्ट निवताना त्यातल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाच्या कणांत त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोठते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं, शेवटचं उलटलं सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. त्यामुळे समुद्रतळावर सुलट-उलट पट्टे उमटतात आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना ते आरशातल्यासारखे सारखे असतात. वेगेनर यांच्या नांगराची गरजच राहिली नाही. खंडं तळ चिरत जात नव्हती, तळासकट जात होती.

आज हा वेग उपग्रहांच्या मदतीनं थेट मोजतात. खडकात घट्ट रोवलेल्या यंत्रांची जागा वर्षानुवर्षं नोंदवत राहायची, एवढंच. अटलांटिक वर्षाला साधारण अडीच सेंटिमीटर रुंदावतो, आपली नखं वाढतात त्याच्या आसपासच्या गतीनं.

प्रश्न : हिमालय असाच उंच होत राहणार का?

वाढही चालू आहे आणि झीजही. खालून दाबून उचललं जातं, वरून नद्या आणि हिमनद्या खरवडून नेतात, शिवाय डोंगर फार उंच झाला की तो स्वतःच्या वजनानं पसरू लागतो. त्यामुळे उंचीला मर्यादा राहतेच. मला त्या उंचीपेक्षा माथ्यावरच्या दगडाचं अप्रूप जास्त आहे. एव्हरेस्टची उंची ८८४८.८६ मीटर आणि तिथला माथ्याचा खडक चुनखडक आहे, समुद्रात साचलेला, सागरी जीवांच्या कवचांचे तुकडे पोटात घेतलेला.

प्रश्न : दगडाचं वय कोट्यवधी वर्षं असं सांगतात. तेव्हा तर कोणीच नव्हतं. मग हा अंदाज की श्रद्धा?

मोजमाप आहे आणि त्याची कृती तपासता येते. झिर्कॉन नावाचं एक खनिज असतं, ग्रॅनाइटमध्ये वाळूच्या कणाएवढं किंवा त्याहून लहान. शिलारसातून त्याचा स्फटिक घडताना त्याच्या जाळ्यात युरेनियमचे अणू सहज बसतात, शिशाचे बसत नाहीत. म्हणजे सुरुवातीला आत शिसं जवळपास शून्य. मग युरेनियमचं हळूहळू शिसं होत जातं आणि त्याचा वेग ठरलेला आहे. युरेनियम २३८ हा त्याचा एक प्रकार निम्मा व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, युरेनियम २३५ या दुसऱ्या प्रकाराला सुमारे ७० कोटी. एकाच कणात वेगवेगळ्या चालीची दोन घड्याळं. दोन्हींनी एकच वेळ दाखवली तर ती धरायची. जुळली नाही, तर कणाला नंतर काहीतरी झालं आहे हे समजतं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात जॅक हिल्स इथे मिळालेले काही झिर्कॉन सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत. त्यांचा मूळ खडक कधीच झिजून गेला, कण राहिले. याउलट महासागरांचा तळ बहुतेक सगळीकडे १८ कोटी वर्षांहून तरुण आहे, कारण जुना तळ गर्तांमधून खाली जात राहतो.

प्रश्न : अमुक तारखेला भूकंप होणार, असे संदेश फोनवर येतात. विश्वास ठेवावा का?

नाही. पुढेही पाठवू नका. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणारी पद्धत आज जगात कोणाकडेही नाही. कुठल्या भागात, पुढच्या काही दशकांत, किती शक्यता, एवढंच सांगता येतं आणि इमारती बांधताना ते फार मोलाचं असतं. काही देशांत भूकंप सुरू झाल्यावर काही सेकंदांची सूचना मिळते. वेगवान प्राथमिक लहर यंत्रानं टिपली की जास्त हानी करणारी दुय्यम लहर पोचण्याआधी इशारा जातो. तो अंदाज नसतो.

प्रश्न : दगड जमवायला सुरुवात करायची आहे. काय काय विकत घ्यावं?

दहा पट मोठं दाखवणारं एक भिंग घ्या. बाकी सगळं नंतर. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि दगड भिंगाजवळ आणायचा. बहुतेक जण उलटं करतात आणि मग काहीच दिसत नाही म्हणतात. परवानगी असेल तिथेच तुकडा उचला आणि शक्यतो ताजा फुटलेला, कारण बाहेरची पुटं खऱ्या रंगाला झाकतात. आधी दाण्याकडे पाहा. दाणे मोठे असतील तर दगड जमिनीखाली सावकाश निवला, दिसतच नसतील तर बाहेर येऊन भराभर. गोलसर कण एकमेकांना चिकटवल्यासारखे असतील तर वाहून येऊन साचला, पापुद्रे एकाच दिशेनं लागले असतील तर दाबला गेला. नाव नंतर शोधता येतं.

आणि एक गोष्ट त्याच जागी, त्याच क्षणी करा. दगडावरच पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर आकडा घाला आणि वहीत तो आकडा, जागा, तारीख लिहा. सुट्टी चिठ्ठी ठेवू नका. पहिल्या मोठ्या दौऱ्यावरून मी चाळीसेक नमुने आणले होते, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी गुंडाळून. परतताना पावसानं पिशवी भिजली आणि शाईचा नुसता निळा लगदा झाला. त्यातला नाईस नावाच्या खडकाचा एक घड्या पडलेला तुकडा, पांढरे-काळे पट्टे हातरुमालासारखे दुमडलेला, अजून माझ्या टेबलावर आहे. तो कुठल्या कड्यातला होता हे ओळखण्यासाठी मी नंतर दोनदा त्या भागात जाऊन आले. कडा सापडला नाही.